विकिपीडियावरच्या थ्रीडी प्रिंटिंगच्या लेखात कामगारांच्या सुरक्षेबद्दल लिहायचंय, कसं लिहू?

पिवळीटोपी

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. मी एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम करते. आमच्याकडे प्लॅस्टिकची तार वितळवून वस्तू बनवणारे थ्रीडी प्रिंटर आहेत, आणि आता धातूची भुकटी लेझरने वितळवून सुटे भाग करणारं मशीनही आलंय. नव्या मुलांच्या प्रशिक्षणाला बसलं की कळतं, त्यांनी आधीच फोनवर विकिपीडिया वाचलेला असतो. शोध कुणी लावला, पद्धती किती, हाडांचे सांधे कसे छापतात, सगळं पाठ. पण मशीनपाशी आठ तास उभा राहणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात काय जातं, याबद्दल मराठीत मला काही सापडलं नाही. म्हटलं, आपणच लिहावं.

धूळपाटीवर, म्हणजे विकिपीडियावरच्या कच्च्या लिखाणाच्या पानावर, एवढं खरडून ठेवलंय, लेखात अजून टाकलेलं नाही:

«थ्रीडी प्रिंटिंग करताना विषारी वायू बाहेर पडतात व त्यामुळे कर्करोग होऊ शकतो. प्रिंटर चालू असताना एन-९५ मास्क वापरावा. धातूची भुकटी अत्यंत स्फोटक असते, तिच्यापासून सावध राहावे. सुरक्षेसाठी ५ मिलिग्रॅमची मर्यादा पाळणे आवश्यक आहे.»

५ मिलिग्रॅमचा आकडा भुकटीसोबत आलेल्या सुरक्षा माहितीपत्रकातला आहे. ते पत्रक संदर्भ म्हणून चालेल का? दुसरं, आमच्याच शॉपमध्ये भुकटी चाळताना ठिणगी पडून भडका उडाला होता. कुणाला इजा झाली नाही, पण ते मी डोळ्यांनी पाहिलंय, तर ते लिहिता येईल का? आणि हे सगळं मूळ लेखातच घालू, की ‘थ्रीडी प्रिंटिंगमधील सुरक्षा’ असा वेगळा लेख काढू?

तळटीप

लिहायला घेतलंत हे फार बरं केलंत. आता तुमचा परिच्छेद जरा उसवतो, राग मानू नका.

मी पेशाने हवेचे नमुने घेणारा. कामगाराच्या पट्ट्याला छोटा पंप लावायचा, नळी पाठीवरून खांद्यावर आणायची आणि गाळणीची डबी कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरात अडकवायची. पाळी संपली की डबी प्रयोगशाळेत. निम्मं आयुष्य त्या डबीत काय सापडलं यावर वाद घालण्यात गेलं, त्यामुळे ‘विषारी वायू’ असं मोघम वाचलं की हात शिवशिवतात.

कुठल्या प्रिंटिंगमधून? कुठल्या प्लॅस्टिकमधून? एबीएसची तार तापली की स्टायरीन निघतं, पीएलएमधून लॅक्टाइड, नायलॉनमधून कॅप्रोलॅक्टम. आणि काळजीचा मोठा भाग वायूचा नाहीच, अतिसूक्ष्म कणांचा आहे: १०० नॅनोमीटरच्या आतले कण. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी टेबलावरच्या प्रिंटरांचं मोजमाप छापलं. एबीएसमधून मिनिटाला सुमारे २०० अब्ज कण, पीएलएमधून सुमारे २० अब्ज. आकडा वाचून छाती दडपते. पण हा प्रिंटरमधून सुटणाऱ्या कणांचा वेग झाला. माणसाच्या नाकाशी किती पोचलं ते खोली केवढी, हवा किती खेळती, माणूस किती लांब, यावर ठरतं. उत्सर्जनाचा आकडा हा माणसाने श्वासात घेतलेला आकडा असल्यासारखा छापणं ही या विषयावरच्या लेखांतली सगळ्यात पसरलेली गफलत आहे. अब्जावधी कणांचं वजनही नगण्य भरतं, म्हणून वजनावर आधारलेली मर्यादा इथे फारशी कामाची नाही, हेही लेखात यायला हवं.

कर्करोगाचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनला ‘मानवासाठी बहुधा कर्करोगकारक’ ठरवलं, गट २अ. हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे ते सांगतं. अमुक प्रिंटरपाशी बसणाऱ्याला धोका किती, हे त्यातून कळत नाही. माणसांवरचा बराचसा पुरावा फायबरग्लास आणि राळ घेऊन काम करणाऱ्या कामगारांचा आहे, आणि त्यांच्या हवेत स्टायरीन फार जास्त असायचं.

मास्कचं वाक्य दोन कारणांनी जाईल. विकिपीडिया म्हणजे मार्गदर्शक पुस्तिका नव्हे, त्यामुळे ‘वापरावा’, ‘सावध राहावे’ असली आज्ञार्थी वाक्यं दुसरा कुणी येऊन उडवणार, आणि ते बरोबरच आहे. आणि एन-९५ कण अडवतो, स्टायरीनची वाफ अडवत नाही. शिवाय सुरक्षेच्या उपायांच्या उतरंडीत मास्क सगळ्यात खाली: आधी धोका मुळातून काढणं, मग कमी घातक पदार्थ, मग बंदिस्त खोकं आणि हवा ओढून घेणारी सोय, मग कामाच्या पद्धतीत बदल, आणि शेवटी मास्क-हातमोजे. कामगारांच्या सुरक्षेवर आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश या सरकारी संस्थेने २०२३ मध्ये शाळा, ग्रंथालयं आणि छोट्या कार्यशाळांसाठी थ्रीडी प्रिंटिंगची मार्गदर्शिका काढलीय, तिचा आधार घ्या. ‘नायॉशने अमुक शिफारस केली आहे’ असं लिहिलं की सल्ल्याची माहिती होते आणि कुणी हरकत घेत नाही.

धातूच्या भुकटीचं वाक्य तुम्ही दुसऱ्या कुणाहीपेक्षा चांगलं लिहू शकाल, मग असं सपक का लिहिलंत? टायटॅनियम आणि ॲल्युमिनियमच्या भुकटीची गत वेगळी, स्टेनलेस स्टीलची वेगळी. मशीन चालू असताना आत आरगॉन किंवा नायट्रोजन भरलेला असतो. धोका वाढतो तो दार उघडल्यावर: भुकटी चाळताना, ओतताना, झाडताना, गाळण्या बदलताना. पेटलेल्या धातूवर पाणी मारलं तर हायड्रोजन तयार होऊन आग आणखी भडकते. हे एक वाक्य लेखात असलं तरी तुमचं सगळं लिहिणं वसूल. स्वतः पाहिलेला भडका मात्र नाही घालता येणार, विकिपीडियावर ते स्वतःचं संशोधन ठरतं आणि चालत नाही. त्याऐवजी छापील दाखला घ्या. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका थ्रीडी प्रिंटिंग कंपनीत धातूच्या भुकटीने पेट घेऊन एक कामगार गंभीर भाजला, आणि २०१४ मध्ये अमेरिकेच्या ओशाने, म्हणजे कामगार-सुरक्षेचे नियम करणाऱ्या आणि ते पाळायला लावणाऱ्या सरकारी यंत्रणेने, ठिणगीची उगमस्थानं दूर न केल्याबद्दल कंपनीला दंड केला. याचं सरकारी निवेदन आहे.

आता ते ५ मिलिग्रॅम. हे सविस्तर सांगतो, कारण इथे माझं डोकं फिरतं. तो आकडा तुमच्या भुकटीचा असेलच असं नाही. ओशाच्या नियमांत ज्या धुळीला वेगळी मर्यादा नाही तिच्यासाठी एक सरसकट आकडा आहे: फुप्फुसात खोलवर जाणाऱ्या धुळीसाठी घनमीटरला ५ मिलिग्रॅम. पत्रक तयार करणाऱ्याला दुसरं काही सापडलं नाही की तो हा आकडा टाकून मोकळा होतो. कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांच्या) बाबतीत तर याहून गंमत झाली. वेगळी मर्यादा नाही म्हणून पत्रकांत कृत्रिम ग्रॅफाइटची मर्यादा छापली जायची, तीही ५ मिलिग्रॅम. पुढे २०१३ मध्ये नायॉशने नॅनोट्यूबसाठी शिफारस केलेली मर्यादा आली घनमीटरला १ मायक्रोग्रॅम. पाच हजार पटींचा फरक, आणि कागदावर दोन्ही ‘मर्यादा’च. नायॉशच्याच शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये नॅनोपदार्थांची अशी पत्रकं तपासली, तेव्हा बहुतेकांत पुरेशी माहितीच नव्हती. म्हणून पत्रक हा संदर्भ नको.

मर्यादा लिहिताना कुणाची, कुठल्या वर्षाची, किती तासांच्या सरासरीची, आणि कायद्याने बंधनकारक की नुसती शिफारस, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे. एककं अक्षरांत लिहा. ‘मिलि’ आणि ‘मायक्रो’ची चिन्हं नकल-डकव करताना बदलतात आणि आकडा हजारपट होऊन बसतो.

वेगळा लेख काढू नका. ‘अमुक तंत्रज्ञानातील सुरक्षा’ असं शोधून वाचणारे तुमच्या-माझ्यासारखे, म्हणजे ज्यांना आधीच माहीत असतं ते. तुमची नवी मुलं ‘थ्रीडी प्रिंटिंग’ शोधून येतात. त्यांना वाटेत भेटेल असं मूळ लेखातच लिहा.

आणि सदस्य पानावर एक ओळ टाका की तुम्ही या क्षेत्रात नोकरी करता. कंपनीचं नाव कुठेही नको, संदर्भातही नको. कंपनी या लिखाणाचे पैसे देत असेल तर ते जाहीर करणं मात्र सक्तीचं आहे.

रात्रपाळी

तळटीपरावांना दंडवत. सगळ्याशी सहमत, वेगळ्या लेखाचा मुद्दा सोडून.

मी यंत्रमानवांच्या लेखांवर काम करतो. मूळ लेखात सुरक्षेचे चार परिच्छेद घातले की तंत्रज्ञानाचे चाहते येतात, ‘एवढं महत्त्व कशाला’ म्हणून चारचे दोन करतात, पुढचा येऊन एकच ठेवतो. वेगळा लेख असला की मजकूर तिथे शाबूत राहतो आणि मूळ लेखात सारांश आणि दुवा पुरतो. मला तरी दोन्ही लागतात.

आणि ‘पहिला’ या शब्दापासून सांभाळून. यंत्रमानवामुळे दगावलेला पहिला कामगार म्हणून कितीतरी ठिकाणी केंजी उराडा यांचं नाव मिळेल, जपानमधल्या आकाशी इथल्या कारखान्यात, १९८१. पण त्याआधी, २५ जानेवारी १९७९ रोजी, मिशिगनमधल्या फ्लॅट रॉक इथल्या ओतकामाच्या कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स यांचा मृत्यू झाला होता. उराडांच्या वेळी वर्तमानपत्रांनी ‘पहिला’ छापलं, आणि लोक अजून तेच उतरवून घेतायत. बातमी हा संदर्भ असतो हे खरं, पण त्या दिवशी बातमीदाराला जेवढं ठाऊक होतं तेवढ्यापुरताच.

मानकांचंही तसंच. माणसाच्या शेजारी काम करणाऱ्या यंत्रमानवांसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं २०१६ चं टीएस १५०६६ सगळे देतात. २०२५ मध्ये औद्योगिक यंत्रमानवांच्या सुरक्षेच्या आयएसओ १०२१८ या मानकाची नवी आवृत्ती आली आणि त्यातला मजकूर तिच्यात सामावून घेतला गेला. जुन्या लेखांत ‘सध्याचे मानक’ असं लिहिलेलं असतं. ‘सध्याचे’ म्हणजे कधीचे, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

तळटीप

छाटाछाटीचा अनुभव मलाही आहे, म्हणून मी वेगळा ‘सुरक्षा’ विभाग करतच नाही. पद्धतीचं वर्णन चालू असतं तिथेच एक वाक्य ओवून टाकतो. ‘भुकटीचा थर पसरतात, लेझर फिरतो, उरलेली भुकटी चाळून पुन्हा वापरतात, आणि चाळताना पेट घेण्याचा धोका असतो.’ हे छाटायला कुणाचा हात धजत नाही, कारण ते प्रक्रियेचंच वर्णन असतं. तरी तुमचं म्हणणं मोडत नाही, यंत्रमानवांचे चाहते जरा जास्तच कडवे असतात.

कागदपत्र

मजकूर कुठून उचलता येतो हे कुणी सांगितलं नाही, म्हणून. अमेरिकेच्या संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर तिथे प्रताधिकार नसतो, त्यामुळे नायॉश आणि ओशाचा मजकूर श्रेय देऊन वापरता येतो. मात्र त्यांच्या पुस्तिकांतला एखादा फोटो बाहेरच्या कंपनीचा असतो, खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तेवढं बघा. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाचं बरंच साहित्य मुक्त सरकारी परवान्याखाली असतं. आयएसओची मानकं विकत घ्यावी लागतात. त्यांत काय आहे ते आपल्या शब्दांत सांगता येतं, तक्ते जसेच्या तसे उतरवायचे नाहीत.

दुवा दिलात की लगेच त्या पानाची प्रत वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) साठवा आणि तो दुवाही जोडा. नायॉशमध्ये २०२५ मध्ये मोठी कर्मचारी-कपात झाली. पान आज आहे म्हणून पुढच्या वर्षी असेलच, असं धरून चालू नका.

पिवळीटोपी

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं! सगळ्यांचे आभार. भुकटीचा भाग निवांत लिहिते, आधी तारेचा पुन्हा लिहिलाय:

«तार वितळवून केल्या जाणाऱ्या थ्रीडी प्रिंटिंगमध्ये १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कण व बाष्पशील सेंद्रिय संयुगे हवेत मिसळतात. त्यांचे प्रमाण प्लॅस्टिकचा प्रकार, नोझलचे तापमान व प्रिंटरची रचना यांनुसार बदलते. एबीएस प्लॅस्टिकमधून स्टायरीन बाहेर पडते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये स्टायरीनचे वर्गीकरण ‘मानवासाठी बहुधा कर्करोगकारक’ असे केले आहे. नायॉशच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत प्रिंटर बंदिस्त ठेवणे, हवा जागीच ओढून घेणे व कमी उत्सर्जनाची तार निवडणे यांची शिफारस आहे.»

एक अडलंय. वर्षानुवर्षं हे कण श्वासात गेल्यावर काय होतं, याचा अभ्यास मला मिळत नाही. ‘दुष्परिणाम आढळलेले नाहीत’ असं लिहू का? लिहिताना हात थांबतो.

भिंगवाला

थांबतोय ते बरंच आहे. तसं लिहू नका.

पडद्यांवर वीजवाहक पारदर्शक थर देण्यासाठी इंडियम टिन ऑक्साइड वापरतात. सपाट पडदे घरोघरी यायला लागले तेव्हा या पदार्थाने फुप्फुसाला काही होतं, असं कुणी छापलेलं नव्हतं. २००३ मध्ये जपानमधून पहिल्या रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. हा पदार्थ हाताळणारा कामगार, फुप्फुसाच्या आजाराने दगावलेला. मग तिथल्याच इतर कामगारांना तपासलं, मग इतर देशांतल्या कामगारांना, आणि ‘इंडियम फुप्फुस’ हा आजार वैद्यकीय साहित्यात आला. आधीच्या वर्षांत एखाद्या विश्वकोशात ‘दुष्परिणाम आढळलेले नाहीत’ असं छापलं असतं तर अक्षरशः खरं ठरलं असतं, आणि वाचणाऱ्याने त्याचा अर्थ ‘निर्धोक’ असाच घेतला असता.

शोधलं का, कुणी शोधलं, किती वर्षं शोधलं, हे लिहा. एखाद्या आढावा-लेखात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या लेखात, ‘दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास अपुरा आहे’ असं म्हटलेलं असेल तर त्या लेखाचं वर्ष घालून तेच सांगा. आरोग्याच्या दाव्यांसाठी तसाही एकेकटा अभ्यास न घेता आढावा-लेखच घ्यायचा असतो. आणि असा आढावा मिळालाच नाही, तर त्या बाबतीत गप्प राहायचं. आपल्या मनाने ‘अभ्यास झालेला नाही’ असं लिहिणं हाही दावाच झाला.

तळटीप

नवा परिच्छेद झकास. एकच खुसपट, पण महत्त्वाचं.

एबीएसमधून स्टायरीन निघतं, हे खरं. स्टायरीन बहुधा कर्करोगकारक, हेही खरं. दोन्हींना वेगवेगळे संदर्भ आहेत. पण शेजारी शेजारी ठेवलीत की वाचक तिसरं वाक्य आपोआप जोडतो: प्रिंटरने कर्करोग होतो. ते कुठल्याच संदर्भात नाही. विकिपीडियावर याला हरकत घेतात आणि बहुतेकदा योग्यच घेतात. उत्सर्जनावरच्या आढावा-लेखांत हे दोन्ही मुद्दे एकाच ठिकाणी, प्रमाणासकट आलेले असतात. तसा एक संदर्भ घ्या आणि तो जेवढं म्हणतो तेवढंच म्हणा. तोवर दुसरं वाक्य बाजूला ठेवा, परिच्छेदाचं काही अडत नाही.

‘कमी उत्सर्जनाची तार’ला जोडून प्रिंटरांच्या उत्सर्जन चाचणीचं २०१९ चं यूएल २९०४ हे मानकही देता येईल. त्या चाचणीचे आकडे बंद कक्षात मोजलेले असतात, हे सांगायला विसरू नका.

रात्रपाळी

धाग्याला फाटे फोडतोय, पण लिथियम बॅटरीचा लेख कुणी घेतलाय का? त्यात धावत्या गाडीला आग लागते ते असतं, खिशात फोन तापतो ते असतं. बॅटरी बनवणारा आणि साठवणारा माणूस नसतो. २४ जून २०२४ रोजी दक्षिण कोरियात ह्वासाँग इथे लिथियम बॅटरीच्या कारखान्याला आग लागून २३ जण गेले, त्यांतले बहुतेक परदेशातून आलेले कामगार होते. दुर्घटनेवर लेख लगेच निघतात. बॅटरीच्या लेखातून तिथवर जाणारा दुवा मात्र कुणी घालत नाही.

मी वीज साठवणुकीच्या कंटेनरपासून सुरुवात करतो. एप्रिल २०१९ मध्ये ॲरिझोनात अशा कंटेनरमधली बॅटरी तापत गेली, आग विझवणारी यंत्रणा सुटली, तरी ज्वलनशील वायू आत साचत राहिले, आणि दार उघडल्यावर स्फोट होऊन अग्निशमन दलाचे जवान जखमी झाले. त्याचे चौकशी अहवाल उपलब्ध आहेत. पिवळीटोपीताई, भुकटीचं काम हातावेगळं झालं की चर्चा पानावर या. बंद जागेतला वायू आणि दार उघडण्याचा क्रम हा भाग तुम्ही तपासलात तर बरं होईल, मला त्यातलं वाचून जेवढं कळतं तेवढंच कळतं.

पिवळीटोपी

येते. स्टायरीनचं दुसरं वाक्य काढलं, बाकीचं आज रात्री लेखात टाकते. कुणी उलटवलं तर इथेच ओरडेन.